भिंतीतली वायर

२४ मार्च, सोमवार

परत पडली! आज तिसऱ्यांदा. मशीन अर्ध्या शिवणीत थांबलं, सुई साडीत अडकली, लेस वाकडी गेली. उठा, स्टुलावर चढा, एमसीबीचा खटका वर करा, उतरा, दोरा ओवा. दहा मिनिटं झाली की — खट्!

सेठचा माणूस उद्या माल न्यायला येणार. लेस लावून, इस्तरी मारून, घडी घालून द्यायचा. त्याला काय सांगू, आमचा खटका पडतो म्हणून?

शीतलचे पप्पा म्हणाले, "लोड जास्त होतोय. दुसरं काय." जेवले आणि लूमवर पाळीला गेले. लोड म्हणजे मीच, असं ऐकू आलं मला.

२५ मार्च

वाल्मिकला बोलावलं. घरात सख्खा भाऊ वायरमन असताना दुसऱ्याला कशाला विचारायचं!

माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. अमळनेरकडून मीच आणला त्याला सुरतला, सतराव्या वर्षी. उधन्याच्या एका वायरमनच्या हाताखाली मीच ठेवला. दोन वर्षांपूर्वी आम्ही लिंबायतमधलं हे घर घेतलं तेव्हा सगळी वायरिंग त्यानेच केली. गल्लीत सांगताना माझी मान ताठ व्हायची — भावाच्या हातची लाईट आहे.

आला. बोर्ड उघडला, स्क्रू आवळले. मग मशीनमागच्या भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, "भिंतीला ताप आलाय का?" हसला नाही. एरवी लगेच हसतो.

म्हणाला, "आक्का, इस्तरी चालू तं कूलर बंद ठेव." आणि जाताना — "पडस तं पडू दे. पडस तेच चांगलं शे."

पडते तेच चांगलं! चहासुद्धा उभ्यानेच प्यायला.

२७ मार्च

आता मीच शोधते. वहीत लिहून ठेवलं म्हणजे घोळ होणार नाही.

सगळ्या पिना काढल्या. खटका वर केला. अर्धा तास काही नाही. मग एकटा फ्रिज लावला — काही नाही. फ्रिज आणि मशीन — काही नाही. त्यात कूलर — तरी नाही. मग इस्तरी लावली. मी घड्याळाकडे बघत बसले. सात मिनिटं. खट्!

म्हणजे चोर इस्तरी!

संध्याकाळी ती पिशवीत घालून चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने तारा लावून बघितली. "बेन, इस्तरी तो एकदम बराबर छे." खात्री म्हणून शेजारी मालतीबाईंकडे लावली. त्यांचा कूलर, त्यांचा फ्रिज, वर टीव्ही — एक तास चालली. मालतीबाईंनी आपल्या दोन साड्यापण मारून घेतल्या.

म्हणजे इस्तरी चोर नाही. मग कोण?

३० मार्च

पाडवा. गुढी उभी, लाईट आडवी. पुरण मिक्सरला लावलं आणि गेली. पाट्यावर वाटलं. खांदा भरून आलाय.

३ एप्रिल

वाल्मिक न बोलावता आला. रिकामा नाही, छिन्नी-हातोडा घेऊन! म्हणे, "आक्का, मागनी भीत फोडीसन नवी वायर टाकी देसू. दोन दिवसनं काम शे. तुले काहीच लागनार नही." वायरपण तोच आणणार, गवंडीपण तोच आणणार.

मी म्हटलं, दोन वर्षांची वायर, ती कशाला बदलायची?

त्याच्या तोंडून उत्तर यायच्या आत शीतलचे पप्पा तापले. "रंग नवा आहे. भिंत फोडायची नाही. खटका पडतो म्हणून कोणी घर फोडतं का?" वाल्मिक म्हणाला, "दाजी, जरा बाहेर या, बोलू." दोघं गल्लीत गेले. बराच वेळ होते. वाल्मिक परत आत आला तो फक्त पिशवी उचलायला.

माझ्या घराबद्दल बोलायचं तर बाहेर कशाला जायचं? पुरुषांचं काही कळत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

शीतल स्टुलावर चढली खटका वर करायला आणि तिथूनच म्हणाली, "मम्मी, यावर C6 लिहिलंय." मालतीबाईंच्या बोर्डावर काय आहे ते बघायला पाठवली. तिथे सोळा. पलीकडच्या दोन घरांत — सोळा!

म्हणजे सगळ्या गल्लीत सोळाची आणि माझ्या एकटीच्या घरात सहाची! इस्तरी, कूलर, मशीन, फ्रिज — सहात मावणार कसं? मी पंधरा दिवस इस्तरी घेऊन गावभर फिरतेय आणि चोर तिथेच बोर्डात बसलाय.

फोन केला. "सहाची का टाकलीस रे?"

म्हणाला, "तेवढीच लागस, आक्का."

"सगळ्यांकडे सोळाची आहे!"

"तू ती बदलू नको. कोनालेच बदलू देऊ नको. मी तुन्हा पाया पडस."

आता यात पाया पडण्यासारखं काय आहे? मला राग आला. मी फोन ठेवला. पहिल्यांदाच ठेवला असा, त्याचं बोलणं संपायच्या आत.

११ एप्रिल

चमत्कार! सेठकडे माल पोचवून आले तर बोर्डात नवीकोरी एमसीबी. शीतलने वाचली — C32. शीतलचे पप्पा म्हणाले, "वाल्मिक बसवून गेला. आता बस इस्तरी मारत."

मी सगळं लावलं. इस्तरी, कूलर, मशीन, फ्रिज. मुद्दाम मिक्सरपण. काही नाही! दोन तास, तीन तास — काही नाही!

वाल्मिकला सांगावं म्हणून फोन केला, तर बंद. शीतलचे पप्पा म्हणाले, तो बारडोलीला गेलाय, साखर कारखान्याकडच्या कॉलनीचं काम मिळालंय, सकाळी जाता जाता बसवून गेला. उगाच रागावले मी त्याच्यावर. शेवटी ऐकलंच ना त्याने बहिणीचं.

१४ एप्रिल

एकदाही पडली नाही. काय छान वाटतं!

१७ एप्रिल

मशीनमागची भिंत गरम लागते. ऊन त्या बाजूला येतं का? येत तर नाही. रंगावर तपकिरी डाग पडलाय, हाताएवढा. शीतलचे पप्पा म्हणाले, "उन्हाळा आहे, सगळंच गरम लागतं."

१९ एप्रिल, शनिवार

झालं तसं लिहून ठेवते.

दुपारी मी वर धाब्यावर कुरडया वाळत घालत होते. खाली शीतल मशीनवर बसली होती. मला मदत म्हणून लेस लावत होती. ओरडली — "मम्मी!" असं ती लहानपणीसुद्धा ओरडली नव्हती.

खाली आले तर मशीनमागच्या प्लगच्या बोर्डातून जाळ. प्लगच्या भोकातून निळा-पिवळा जाळ, वर भिंतीवर काळं. साड्यांचा गठ्ठा शेजारीच — सगळं जॉर्जेट! एक ठिणगी पुरे. पोरीने काय केलं, धावत जाऊन मेन बंद केली आणि परत येऊन पेटत्या बोर्डातून इस्तरीची पीन उपटली. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. मी गठ्ठा ओढून बाहेर फेकला, मालतीबाईंनी वाळूची बादली मारली.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे पट्टी. लिहिता येईल. येईल ना? परत परत विचारलं मी. येईल म्हणाले.

आणि एवढा जाळ झाला तरी एमसीबी पडली नाही! वरच होती. मी बघितली ना. खटका तसाच वर.

२० एप्रिल

गल्लीच्या टोकाला मयुरी राहते. आयटीआय झालेली, डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात कामाला. तेवीस-चोवीसची असेल. मालतीबाईंनी तिला आणलं. वाल्मिकचा फोन लागत होता, पण मी म्हटलं, आधी कोणी दुसरं बघू दे. का म्हटलं, देव जाणे.

तिने जळका बोर्ड काढला. पाइपमधून वायर ओढली. ओढताना वरचं रबर चुरा होऊन तिच्या हातावर पडलं. आणखी ओढली. एक जोड. काळ्या टेपने गुंडाळलेला. आणखी — दुसरा जोड. तिसरा. वायर बारीक, आतून पांढरी. अॅल्युमिनियम.

"काकी, ये तो बहोत पुरानी है. वीस वर्षं तरी झाली असतील. कुठून तरी काढलेली."

मी म्हटलं, शक्य नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः दुकानात जाऊन चार बंडलं निवडली. तांब्याची. लाल, काळी, हिरवी, पिवळी. घरी आणून हळदकुंकू लावलं त्यांना. मग गावाकडे आई आजारी पडली म्हणून अमळनेरला गेले, तीन आठवडे तिकडेच होते. परत आले तर वायरिंग होऊन वरून रंगसुद्धा लागला होता. किती खूश झाले होते मी!

मयुरीने जुनी एमसीबी बघायला मागितली. शीतलने कपाटावरून काढून दिली. हातात धरून म्हणाली, "काकी, एमसीबी आपल्या वस्तूंसाठी नसते. ती भिंतीतल्या वायरची राखण करते. वायर सोसणार नाही एवढी वीज गेली की ती पडते. ज्याने सहाची टाकली त्याला पक्कं माहीत होतं, आतली वायर किती कच्ची आहे. आणि ज्याने बत्तीसची टाकली त्याला एक तर काही कळत नाही, नाही तर कोणाचं काही पडलेलं नाही."

"दोन्ही एकाच माणसाने टाकल्या," मी म्हटलं. "माझ्या भावाने."

ती माझ्याकडे बघत राहिली. "एकाच माणसाने? अजब है."

मागची लाईन तिने तोडून टाकली. पुढच्या खोलीत एक पंखा, एक दिवा.

२१ एप्रिल

माहीत होतं त्याला. सगळं माहीत होतं! म्हणून भिंतीला हात लावून उभा होता. म्हणून भिंत फोडतो म्हणाला. फुकटात! चोराच्या मनात चांदणं.

माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्याला दिली आहे मी. माझं बाळंतपण झालं तेव्हासुद्धा आधी त्याचा डबा भरायचे.

२२ एप्रिल, मंगळवार

बोलावलं. शीतलचे पप्पापण घरीच होते. वर्तमानपत्रावर ती वायर ठेवली होती, जोडांसकट.

वाल्मिक आला तो आधी शीतलच्या हाताकडे बघून मटकन खाली बसला. "आक्का, हाई कसं व्हयनं?"

"कसं झालं? तू बसवलेल्या बत्तीसने झालं!"

तो एकदम वर बघायला लागला. माझ्याकडे नाही, दाजींकडे. शीतलचे पप्पा दारातून बाहेर बघत होते. वाल्मिक किती वेळ त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी सोडवावं म्हणून असणार.

मी वायर उचलून त्याच्यासमोर आपटली. "आणि हे काय आहे? माझी चार बंडलं कुठे गेली? कोणत्या गिऱ्हाइकाच्या घरात घातलीस?"

तो जोडावरची काळी टेप नखाने खरवडत बसला.

"बोल ना रे!"

"मन्ही चूक शे, आक्का."

बस. एवढंच! कबूल केलं, पण कुठे गेली ते सांगेना, का केलं ते सांगेना. "मी नवी टाकी देसू. उद्याच टाकी देसू."

मी म्हटलं, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही. माझ्या दारात यायचं नाही. आई गेली तेव्हाच माझं माहेर संपलं होतं, मला उगाच वाटत होतं थोडं उरलंय म्हणून."

हे बोलायला नको होतं की काय. पण बोलले. तो उठला. शीतलच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. चप्पल उलटी घालून गेला, मी बघितलं.

शीतलचे पप्पा म्हणाले, "भाऊ आहे तुझा. सोडून दे आता." पोरीचा हात भाजला आणि यांचं मन बघा केवढं! परक्या घरच्या माणसाला माया आहे, माझ्या रक्ताला नाही.

२३ एप्रिल

झोप नाही, जेवण नाही. सेठचा माल परत पाठवला.

२६ एप्रिल

सारखं तेच डोक्यात. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. याला शिवी देते तर ती आईला लागते.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो. सुरतला आल्यापासून वाल्मिकने एक वर्ष चुकवलं नाही. गाव लांब, म्हणून आपल्या एका खोलीतच घेऊन जायचा. आमरस, पुरणपोळी, संध्याकाळी परत सोडायला यायचा.

आजही आला. धुतलेला शर्ट. दारात उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही.

"आक्का, आखाजी शे. तुले लेवाले उनू."

सगळी गल्ली बघत होती. मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली आणि कडीला धरून उभी राहिले. बराच वेळ त्याची चप्पल वाजली नाही. मग वाजली.

शीतल म्हणाली, "मम्मी, मामा रडत होता." मी तिला ओरडले.

३ मे, शनिवार

मयुरी आणि तिचे मिलमधले उस्ताद उद्यापासून सगळ्या घराची वायरिंग नवी करणार. भिंती फोडायच्या, धूळ होणार. शीतलच्या पट्टीला धूळ नको म्हणून आम्ही दोघी कोसाडला आलोय, उषाबाईंकडे. माझी मोठी नणंद. एकट्याच राहतात, दोन खोल्यांच्या कॉलनीतल्या घरात. सासूबाई लवकर गेल्या, शीतलच्या पप्पांना यांनीच वाढवलं. अजून "आनंदा" म्हणून हाक मारतात तेव्हा पन्नाशीचा माणूस दहा वर्षांचा होतो.

गोड बाई. शीतलला स्वतःच्या हाताने भरवतात. वाल्मिकचं मी काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू, माझा भाऊ असा निघाला म्हणून?

४ मे

निवांत आहे इथे. दुपारभर झोपले, कित्येक दिवसांनी.

५ मे, सोमवार

सकाळी उषाबाईंचा कूलर, फ्रिज, मिक्सर सगळं एकदम चालू होतं. मी सहज म्हटलं, "बाई, तुमच्याकडे कधी खटका पडत नाही वाटतं."

त्या म्हणाल्या, "कसा पडेल? तुमचीच तर वायर आहे! तू अमळनेरला होतीस तेव्हा आनंदाने चार बंडलं आणून दिली. माझी जुनी सगळी काढली, ती तुमच्याकडे नेली. दिवाळीपर्यंत भागवतो म्हणाला. वाल्मिक ऐकत नव्हता. आक्काला सांगतो म्हणत होता. आनंदाने त्याला तुझ्या कुंकवाची शपथ घातली तेव्हा कुठे त्याने हात लावला. जयश्री, तुला आनंदाने सांगितलं ना नंतर?"

मी हो म्हटलं.

मग जिन्यात जाऊन वाल्मिकला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी एवढंच विचारलं, "बत्तीसची कोणी बसवली?"

म्हणाला, "आक्का, दाजीसंगे भांडू नको."

शीतलचे पप्पा संध्याकाळी आम्हाला न्यायला येणार आहेत.